खपलीची खीर आणि ग्लूटेनचा गोतावळा



आमच्या लालबागच्या चाळीत शेजारच्या मावशी आहेत, मूळच्या सांगलीकडच्या. त्यांच्या ७ वर्षांच्या नातीला सीलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. पोट फुगायचं, जुलाब थांबेनात, वजन वाढेना. गहू पूर्ण बंद केला, तेव्हा कुठे पोर अंग धरू लागली. परवा तिचा वाढदिवस होता. आदल्या दिवशी मावशी दादरहून खपली गहू घेऊन आल्या आणि भिजत घालून माझ्या दारात उभ्या. "बाई, दुकानदार म्हणाला, हा जुना गहू, ह्यात ग्लूटेन नसतंय. पोरीला खीर करू न्हवं?"

मी शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून विचारायला आल्या. नशीबच म्हणायचं. मी सांगितलं, मावशी, पोरीला एक चमचाही देऊ नका.

का, ते तुम्हालाही सांगते. कारण हे वाक्य हल्ली बऱ्याच दुकानांत ऐकू येतं.

ग्लूटेन ही एकच वस्तू नाही. तो प्रथिनांचा गोतावळा आहे. त्यात मुख्य घराणी दोन, ग्लूटेनिन आणि ग्लायाडिन. कणीक मळताना ती एकमेकांत गुंततात. ग्लूटेनिनमुळे कणकेला ताण येतो, ग्लायाडिनमुळे ती सैल, लवचिक होते. पुरणपोळी न फाटता लाटली जाते ती यांच्याच जोरावर.

आता हा गोतावळा एवढा वाढला कसा? जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं घडवायचं, याची लिहून ठेवलेली कृती. तुमच्याकडे आईची पाककृतींची वही असेल. समजा, तिच्यातलं करंजीचं पान कुणी चुकून दोनदा उतरवलं. एक पान तसंच वापरात राहतं. दुसऱ्यावर पुढे कुणी खाडाखोड करतं, सारण बदलतं, आणि नवाच पदार्थ तयार होतो. काही नकला मात्र इतक्या पुसट होतात की त्यांवरून काहीच करता येत नाही. वनस्पतींत हे लाखो वर्षं चाललंय. ग्लायाडिनच्या एका शाखेची जनुकं गव्हात अशीच डझनांनी आहेत. त्यातली कितीतरी बंद पडलेली, पण उरलेली नेमाने प्रथिन बनवतात.

गव्हाने तर एवढ्यावर न थांबता अख्ख्या वह्याच गोळा केल्या. रानगव्हात १४ गुणसूत्रं होती. सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी त्याचा दुसऱ्या एका रानगवताशी संकर झाला आणि दोघांच्याही वह्या एकाच रोपात राहिल्या. झाली २८ गुणसूत्रं. आपला खपली गहू या शाखेतला. मळला तरी दाण्याला टरफल चिकटून राहतं, म्हणून खपली. पुढे, माणूस शेती करू लागल्यावर, साधारण आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, कॅस्पियन समुद्राच्या बाजूला या २८ वाल्या गव्हाचा आणखी एका गवताशी संकर झाला. तिसरी वही आली, गुणसूत्रं ४२ झाली. आपण रोज पोळीला वापरतो तो हा गहू. बेकरीतल्या पावाचा मैदाही याचाच.

२०१८ मध्ये या गव्हाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्या कामात लुधियानाच्या आणि दिल्लीच्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता. जनुकं मोजली गेली १,०७,८९१. माणसात असतात साधारण २०,०००. (हे ऐकून मावशी म्हणाल्या, "मग गहूच शहाणा म्हणायचा!" तसं नाही, मावशी. एकेका कृतीच्या तीन-तीन नकला, म्हणून वही जाड.)

त्या तिसऱ्या वहीत ग्लूटेनिनची दोन पानं शेजारी शेजारी आहेत, फार पूर्वी एकाच पानाच्या झालेल्या नकला. पाव फुगून वर येतो त्यात या दोघांचा वाटा मोठा. खपलीकडे ती वहीच नाही, म्हणून तिची कणीक ताणली की तुटते. ज्यांनी खपलीच्या पोळ्या लाटल्यात त्यांना हे हाताने ठाऊक आहे. सीलिअ‍ॅकमध्ये सर्वांत त्रासदायक ठरणारा ग्लायाडिनचा एक तुकडाही त्या तिसऱ्या वहीतूनच येतो. म्हणजे दुकानदाराच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण पहिल्या दोन वह्या खपलीत शाबूत आहेत, आणि आतड्याला इजा करणारे इतर तुकडे त्यांच्यात लिहिलेले आहेत. ग्लूटेन वेगळं आहे, "नाही" असं नाही.

हे तुकडे आपल्या पाचकरसांना नीट तोडता येत नाहीत. तुमच्या-माझ्या पोटात त्याने बिघडत नाही. सीलिअ‍ॅक असलेल्यांची प्रतिकारशक्ती मात्र त्यांना शत्रू समजते, आणि त्या लढाईत आतड्याचं अस्तरच झिजतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. बार्ली आणि राय हे गव्हाचे जवळचे भाऊबंद, तेही वर्ज्य. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी यांचं नातं लांबचं. त्यांच्यातही साठवणीची प्रथिनं असतात, पण ती या मुलांना बाधत नाहीत.

पण ज्वारी गिरणीत नेताना जपा. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात उरलेला असतो, तो तुमच्या पिठात येतो. घरी दळता आलं तर उत्तम. आणि मसाले घ्याल तेव्हा हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा. बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा घातलेला असतो. रोजच्या आमटीतून तो पोटात जातो आणि घरातली माणसं म्हणत राहतात, गहू तर बंद केलाय, मग पोट का दुखतंय?

आणखी एक. मुलाला असा त्रास असेल तर गहू आपल्या मनाने आधीच बंद करू नका. आधी डॉक्टरांकडे जा, रक्ताची तपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर तपासणी केली तर आजार असूनही दिसत नाही.

ज्यांना हा आजार नाही त्यांनी खपली जरूर खावी. पुण्याच्या आघारकर संस्थेने तिचे सुधारित वाण काढलेत, शेतकऱ्यालाही चार पैसे मिळू देत. फक्त पिशवी हातात देताना दुकानदाराने जे नाही ते सांगू नये.

मावशींनी वाढदिवसाला तांदळाची खीर केली, ओलं खोबरं आणि गूळ घालून. भिजवलेली खपली दुसऱ्या दिवशी शिजली, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीने. तिच्यातली एक वाटी माझ्याकडेही आली. वर खसखस होती.