कळतं, पण वळत का नाही?

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा सारांश)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, सर्वांचं मनापासून अभिनंदन! मला हवामान बदलावर बोलायला सांगितलंय. पण पाऊस लहरी झालाय, हे देवळाली प्रवरात सांगायला वक्ता कशाला हवा? खरा प्रश्न असा, की सगळं कळूनही आपण वागणं का बदलत नाही?

याचा अभ्यास वर्तनात्मक अर्थशास्त्र करतं. डॅनियल कानेमन यांना 2002 साली आणि रिचर्ड थेलर यांना 2017 साली यातल्या कामासाठी नोबेल मिळालं. त्यांचं सांगणं साधं आहे. माणसाला उद्याच्या फायद्यापेक्षा आजचा खर्च मोठा दिसतो. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर गेल्याचं दुःख जास्त होतं. म्हणून गच्चीवरच्या सोलरचा विषय निघाला, की "पुढच्या वर्षी बघू". शिवाय "मी एकट्याने नळ बंद करून काय होणार?" हे आहेच.

मग उपाय? शेजारी! कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात घरांना शेजारच्या सरासरी वीजवापराचा आकडा कळवला. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. गंमत म्हणजे, कमी वापरणाऱ्यांचा वाढला! पण त्यांच्या कागदावर नुसता हसरा चेहरा काढला, तेव्हा तो वाढला नाही. शाबासकी लागतेच.

लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली तिथे पावसाची मोजणी होते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. आकडा सर्वांसमोर आणि नियम सर्वांना सारखा, त्यामुळे "मी एकटाच का?" हा प्रश्नच उरत नाही.

आपली सोसायटी म्हणजे छोटं गावच की! तीन गोष्टी सुचवतो. एक, दर महिन्याचा पाणी आणि विजेचा हिशेब नोटीस बोर्डावर लावा. दोन, ज्यांनी वापर कमी केला त्यांचं वार्षिक सभेत कौतुक करा. तीन, सोलरचा ठराव आज करा, वर्गणी मात्र सहा महिन्यांनी सुरू करा. पुढच्या खर्चाला माणूस लवकर हो म्हणतो! 2024 च्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठीही अनुदान आहे.

सुवर्णमहोत्सवाला आपली नातवंडं इथे बसतील. तेव्हा बोअरला पाणी असेल का, हे आजच्या ठरावांवर आहे.