खोड सांगून विका

(रेणापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी मालकाचे बोलणे ऐकून घेतो. पण त्यावर विसंबत नाही. तो जबडा उघडून दात मोजतो, खांद्यावरून हात फिरवतो, जनावर चालवून, बसवून, उठवून पाहतो. सोबत गावातला एखादा जाणता माणूस असतो. देवणी असो वा लाल कंधारी, वय दातांत दिसते आणि अधूपण चालीत. एवढे करूनही फसगत होते. बाजारात गरीब वाटलेला बैल दावणीला आल्यावर शिंग उगारतो. तरी विकणारा कोणत्या गावचा हे ठाऊक असते आणि पुढच्या बाजारी चारचौघांत त्याला जाब विचारता येतो.

आज रेणापूर तालुक्यातल्या एखाद्या घराला जुना मोबाइल, जुनी मोटारसायकल किंवा जुना ट्रॅक्टर हवा असला, तर शोध मोबाइलच्या पडद्यावर सुरू होतो. तेथे दात मोजता येत नाहीत. चार छायाचित्रे असतात आणि त्यांखाली दोन ओळी: 'उत्तम स्थिती', 'घरगुती वापर', 'जशी आहे तशी'. उत्तम म्हणजे काय? बॅटरी मूळची की बदललेली? फोन कधी पाण्यात पडला होता का? ट्रॅक्टर किती तास चालला, इंजिन कितीदा खोलले, कर्जाचा बोजा उतरला की नाही? यांतले बरेचसे विकणाऱ्याला माहीत असते. वर्णन अपुरे राहते ते पुष्कळदा अज्ञानामुळे नव्हे, तर न सांगण्यातच चार पैसे अधिक मिळतात म्हणून.

हा फसवाफसवीचा किरकोळ प्रकार आहे, पक्षाने त्यात वेळ का घालवावा, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. जुना माल कोण घेतो याचा विचार केला म्हणजे ही शंका उरत नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा मजुराच्या घरात नवा फोन कोठून येणार? ज्याची ऐपत आहे तो नवी वस्तू घेतो, तिच्याबरोबर पावती आणि हमीपत्र घेतो, बिघडली तर दुकानदाराकडे जातो. ज्याला तोटा सोसण्याची ताकदच नाही, त्याच्या वाट्याला बिनहमीचा माल येतो. एक ट्रॅक्टर सदोष निघाला तर त्याचा पेरणीचा हंगाम हातचा जातो आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात.

या बाजारात सचोटीचा विक्रेताही नागवला जातो. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी झाला. त्याचे म्हणणे सरळ आहे. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे घेणाऱ्याला कळत नसेल, तर तो दोहोंना मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही. ती बाजारातून निघून जाते आणि उरतो तो खराब माल. बाजार स्वतःच सचोटीला बक्षीस देतो असे सांगणाऱ्यांना हे उत्तर बाजाराच्याच शास्त्राने दिले आहे. पानगावच्या शेतकऱ्याने जीव लावून सांभाळलेला ट्रॅक्टर नाइलाजाने विकायला काढला, तरी घेणारा त्याच्याकडे संशयानेच पाहणार.

कायदा काय म्हणतो? १९३० च्या माल विक्री अधिनियमानुसार वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. हे बंधन खासगी विक्रेत्यालाही आहे. म्हणूनच 'जशी आहे तशी' हे शब्द चलाख माणसाला प्रिय असतात: काहीच नेमके सांगितले नाही, तर खोटे पडण्याचा प्रश्न येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखालील ई-वाणिज्य नियम २०२० चे. वर्णन व छायाचित्रे मालाशी जुळतील अशी हमी विक्रेत्यांकडून लिहून घेणे या नियमांनी संकेतस्थळांवर बंधनकारक केले. तथापि, नियमित धंदा न करता वैयक्तिक रीतीने व्यवहार करणाऱ्याला हे नियम लागू नाहीत. घरातली जुनी सायकल विकणाऱ्या माणसाला ही सूट असावी, यात वाद नाही. पण याच दारातून दलाल आत शिरतो आणि 'घरगुती वापर' असे लिहून मोकळा होतो.

एके काळी धान्याचा आणि जनावरांचा भाव रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी ठरत असे. शेतमालाच्या बाबतीत तो उघड लिलावात आणणे हे सरकारचे काम ठरले आणि त्यासाठी कायदे झाले. मग पडद्याआडची खोड उघडी करणे सरकारचे काम का ठरू नये?

तोपर्यंत तालुक्यातल्या कार्यकर्त्याला पुष्कळ करता येईल. पैसे देण्यापूर्वी प्रश्न लेखी विचारायला लावावेत आणि उत्तरे जपून ठेवावीत. तोंडी बोलणे हवेत विरते. फोनवर *#०६# दाबले की त्याचा ओळख क्रमांक दिसतो. तो चोरीचा वा बंद केलेला आहे का, हे सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर तपासता येते. ट्रॅक्टरच्या नोंदणी पुस्तकात बँकेचा बोजा दिसत असेल, तर बँकेचे पत्र हाती येईपर्यंत विसार देऊ नये. नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही हवी. नोंदवहीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. धंदेवाईक विक्रेत्याने फसवले असेल तर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. विक्रेता पुण्याचा असला तरी ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते; हे अनेकांना ठाऊक नसते, म्हणून ते निमूट घरी बसतात.

सरकारकडे करावयाची मागणी मात्र वेगळी आहे. जुन्या वस्तूची जाहिरात स्वीकारताना दुरुस्ती, बदललेले भाग, बोजा आणि मालकी यांविषयीच्या ठरावीक प्रश्नांची उत्तरे संकेतस्थळाने घेतलीच पाहिजेत. एकाच खात्यावरून वर्षभर मोबाइल विकणारा माणूस घरगुती विक्रेता नसतो. त्याने किती फोन विकायला काढले याची नोंद संकेतस्थळाकडे असते. ती घेणाऱ्याला जाहिरातीखालीच दिसली पाहिजे.