दोन तासांचा हिशेब

आज मी तुम्हांला एका मास्तरांची हकीकत सांगणार आहे. हे मास्तर आपल्या मुलखातले नव्हेत, अमेरिकेतले. त्यांचा खेळही आपला नव्हे, बास्केटबॉल. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात मुले कबड्डी खेळतात, खो-खो खेळतात; त्या दूरदेशच्या खेळाचं आम्ही काय करायचं? पण जरा दम धरा. ही गोष्ट खेळाची कमी आणि शिकवण्याची जास्त आहे.

आधी माझा कबुलीजबाब ऐका. मी बरीच वर्षे शिक्षक होतो आणि शाळेच्या खो-खो संघाची जबाबदारीही माझ्याकडेच असे. माझा सराव कसा होता, सांगू? शिट्टी फुंकायची, मुलांना मैदानाभोवती पाच फेऱ्या मारायला लावायच्या, मग दोन तट पाडून डाव सुरू. चुकला की ओरडायचं, जमलं की 'शाब्बास' म्हणायचं. बारा जणांच्या संघात नऊ खेळत, तिघे कडेला उभे. त्या तिघांतला एक मुलगा वर्षभर इतरांच्या चपला सांभाळायचा आणि पाण्याची कळशी भरून आणायचा. वर्ष संपताना तो मला म्हणाला, "गुरुजी, खांबाजवळ वळायचं कसं, ते तेवढं शिकायचं राहिलंच." तो रागाने बोलला नव्हता, म्हणूनच ते मला फार लागलं. वर्षभर मी सराव घेत होतो खरा, पण शिकवत काय होतो?

पुढे जॉन वुडन यांच्याविषयी वाचनात आलं आणि या प्रश्नाचं उत्तर हळूहळू उलगडत गेलं.

ज्यांनी बास्केटबॉल पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. १८९१ सालच्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, जेम्स नाय्स्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ काढला. बाहेर कडाक्याची थंडी, तेव्हा विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावं म्हणून त्याने फळांच्या दोन टोपल्या सज्जाला दहा फूट उंचीवर टांगल्या. पाहता पाहता टोपलीच्या जागी लोखंडी कडं आलं. आज प्रत्येक बाजूला पाच गडी असतात. चेंडू हातात धरून पळता येत नाही. टप्पे देत न्यायचा किंवा सोबत्याकडे फेकायचा. एकट्याच्या बळावर हा खेळ चालतच नाही, हे ध्यानात ठेवा.

जॉन वुडन १९१० साली इंडियाना राज्यात जन्मले. शेतकऱ्याच्या घरचं पोर. वडिलांची शिकवण दोन ओळींत मावणारी होती. खोटं बोलू नका, फसवू नका, चोरू नका ही एक ओळ. कुरकुर नको, गाऱ्हाणं नको, सबब नको ही दुसरी. पुढे त्यांच्या डुकरांना टोचलेली लस खराब निघाली, जनावरं दगावली आणि शेत हातचं गेलं; तरी वडिलांनी कोणाच्या नावाने खडे फोडले नाहीत. ज्यांच्या शेतावर असा प्रसंग आला असेल, त्यांना यातलं बळ वेगळं सांगायला नको.

पर्ड्यू विद्यापीठात वुडन यांनी खेळाडू म्हणून नाव कमावलं आणि १९३२ साली पदवी घेऊन ते हायस्कुलात शिक्षक झाले. विषय इंग्रजी, संध्याकाळी खेळाचा सराव. पहिल्या वर्षी त्यांचा संघ जिंकला कमी, हरला जास्त. त्या काळात वर्गात त्यांना एक गोष्ट खटकू लागली. पोराला वरची श्रेणी मिळाली नाही की पालक नाराज. मग त्याने जीव ओतून अभ्यास केलेला का असेना! शेजारच्याच्या मुलाला साधारण गुण मिळाले तर चालतं, आपल्या मुलाला मात्र पहिलाच नंबर हवा. हे आपल्याकडेही ओळखीचं आहे, नाही का? तेव्हा १९३४ साली वुडन यांनी यशाची स्वतःपुरती व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की आपल्याला जेवढं साधण्यासारखं होतं तेवढं साधण्यासाठी आपण काही कसर ठेवली नाही, ही मनाची खात्री म्हणजे यश. गुणफलक काय म्हणतो, हा मागाहूनचा प्रश्न. पुढे आयुष्यभर ते खेळाडूंना 'जिंका' असं सांगत नसत. 'नीट तयारी करा' असं सांगत.

आता संघ म्हणजे काय, ते पाहू. १९४७ साली वुडन इंडियाना राज्यातल्या एका शिक्षक-महाविद्यालयाच्या संघाला शिकवत होते. लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं. मोठा मान होता. पण त्या स्पर्धेत काळ्या वर्णाच्या खेळाडूला मज्जाव होता आणि त्यांच्या संघात क्लॅरन्स वॉकर नावाचा एक काळा तरुण होता. तो संघाचा आधारस्तंभ नव्हता. राखीव गड्यांपैकी होता. त्याला घरी ठेवून जाता आलं असतं. वुडन यांनी बोलावणंच नाकारलं. पुढल्या वर्षी स्पर्धेचा नियम बदलला. संघ वॉकरसह गेला आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचून हरला. त्या स्पर्धेत खेळलेला वॉकर हा पहिला काळा खेळाडू. संघात एकी असावी, असं भाषण आपण सगळेच करतो. पण कडेला बसणाऱ्या गड्यासाठी आपण काय सोडायला तयार आहोत, यावर संघाची किंमत ठरते.

१९४८ साली ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. तिथे थाटमाट असेल अशी तुमची कल्पना होईल. तसं काही नव्हतं. जुनी व्यायामशाळा, तीही कुस्तीगीर आणि कसरतपटू यांच्या सामायिक वापराची. सरावाआधी जमीन झाडून पुसून घ्यावी लागे आणि त्या कामाला वुडन स्वतः हात लावत. नवी मोठी वास्तू उभी राहिली ती १९६५ साली. तोवर त्यांचा संघ दोनदा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून बसला होता. पहिलं अजिंक्यपद १९६४ साली, म्हणजे तिथल्या सोळाव्या हंगामात. त्यानंतर मात्र रीघ लागली. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदं, त्यांतली सात लागोपाठ. एकदा तर ८८ सामने ओळीने जिंकले; ती माळ १९७४ च्या जानेवारीत तुटली. लोक ही दहा वर्षं मोजतात. मास्तरांनी त्याआधीची पंधरा मोजावीत.

हे घडत होतं कुठे? रोज दुपारी साडेतीन ते साडेपाच, सरावाच्या दोन तासांत. आणि गंमत अशी, की त्या दोन तासांच्या आखणीसाठी वुडन आपल्या सहायकांसह सकाळी जवळजवळ तेवढाच वेळ बसत. हातात मावणाऱ्या छोट्या पुठ्ठ्याच्या पत्त्यावर मिनिटामिनिटाचा आराखडा लिहिलेला असे. अमुक वेळी जोडीजोडीने चेंडूची फेक, मग कड्यावरून उडालेला चेंडू झेलणं, मग दोघांविरुद्ध तिघे. एकेक प्रकार थोडी मिनिटं, की पुढचा. कोणी रेंगाळायचं नाही, कोणी नुसतं उभं राहायचं नाही. नवी गोष्ट शिकवायची ती सरावाच्या सुरुवातीला, मुलं ताजीतवानी असताना; दमलेल्या डोक्यात नवं शिरत नाही. शेवट मुलांच्या आवडीच्या प्रकाराने. आणि वेळ झाली की सराव बंद. आज नीट जमलं नाही म्हणून अर्धा तास वाढवणं नाही. सराव संपल्यावर टिपणं वहीत जात. गेल्या वर्षी याच दिवशी काय शिकवलं होतं, हेही ताडून पाहता येई.

शिकवण्याची रीत साधी. खेळाचे तुकडे करायचे, एकेक तुकडा पक्का करायचा आणि मग सगळे पुन्हा जोडायचे. सांगणं, करून दाखवणं, करून घेणं, चूक सुधारणं आणि मग पुन्हा पुन्हा करणं. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना काय शिकवत, ठाऊक आहे? पायमोजे कसे घालायचे आणि बुटांच्या नाड्या कशा बांधायच्या! नावाजलेले उंचेपुरे तरुण एकमेकांकडे पाहत राहत. पण मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर गडी सरावाला मुकतो. बैलाच्या मानेला जू कुठे घासतं, हे औताआधी पाहतो तो शेतकरी ही गोष्ट चटकन ओळखेल.

शिस्तीचे नियम मोजके. उशीर नको, शिवीगाळ नको, सोबत्यावर टीका नको. आणखी एक रीत त्यांनी घालून दिली होती. सोबत्याने दिलेल्या चेंडूवर गुण मिळाला, तर मिळवणाऱ्याने त्या सोबत्याकडे बोट करावं, मान हलवावी, कसंही करून त्याचे आभार मानावेत. कोणी विचारलं, तो पाहत नसला तर? वुडन यांचं म्हणणं, तो पाहत असणारच. माणसाला पैसा लागतो, भाकरी लागते, तशी ही दखलही लागते.

बिल वॉल्टन हा त्यांचा नामांकित खेळाडू. एकदा तो केस वाढवून आला आणि म्हणाला, मी केस कसे ठेवावेत हे सांगण्याचा तुम्हांला अधिकार नाही. वुडन यांनी आवाज चढवला नाही. बरोबर आहे, तो अधिकार मला नाही, असं ते म्हणाले. संघात कोण खेळणार एवढंच मी ठरवतो, आणि तुझी उणीव आम्हांला भासेल. वॉल्टन सायकलवर बसला आणि तडक न्हाव्याकडे गेला. नियम सगळ्यांना सारखा, मग गडी कितीही मोठा असो.

आता शिक्षक बंधुभगिनींनी कान देऊन ऐकावं अशी गोष्ट. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ वुडन यांच्या पंधरा सरावांना जाऊन बसले. ते काय बोलतात, काय करतात, याची एकेक नोंद त्यांनी केली. अशा २,३२६ नोंदी झाल्या. तुम्हांला काय वाटतं, त्यांत स्तुती किती असेल आणि रागावणं किती? शंभरात सुमारे सात वेळा स्तुती. आणि नाराजीही जवळजवळ तेवढीच. मग उरलेलं काय? निम्म्या नोंदी निव्वळ शिकवण्याच्या होत्या. काय करायचं, कसं करायचं, पाय कुठे ठेवायचा, हे थोडक्या शब्दांत. कोणी चुकला की वुडन आधी बरोबर रीत करून दाखवत, मग त्याने केलं तसं चुकीचं, आणि पुन्हा बरोबर. सगळं मिळून मोजके सेकंद. खेळाडू लगेच पुन्हा कामाला.

हे वाचलं आणि माझी शिट्टी मला आठवली. माझ्या सरावात 'शाब्बास' होतं आणि 'गाढवा' होतं. मधलं शिकवणं तेवढं नव्हतं. 'नीट पळ' म्हटल्याने कोणी नीट पळत नाही. 'खांबाजवळ आलास की वाक आणि आतला पाय आधी टाक' असं म्हटलं, तर पोराला काही तरी हाती लागतं. 'शाब्बास' वाईट नव्हे. पण भाजीत मीठ असावं तसं ते असावं. नुसत्या मिठाची भाजी होत नाही.

वुडन सर्वज्ञ होते, असं मात्र समजू नका. १९६४ च्या विजयात प्रतिपक्षाला सगळ्या मैदानभर कोंडीत धरण्याच्या डावपेचाचा मोठा वाटा होता. त्या संघाच्या पहिल्या पाचांत एकही गडी साडेसहा फुटांचा नव्हता, म्हणून चपळाईवर भर देणं भाग होतं. त्या डावपेचाचा आग्रह त्यांच्या सहायकाने, जेरी नॉर्मन यांनी धरला होता. वुडन यांनी ते ऐकलं. हाताखालचा माणूस आपल्यापेक्षा वेगळं बोलतो तेव्हा ऐकून घेणं, हीही संघाचीच रीत आहे.

१९७५ साली दहावं अजिंक्यपद मिळवून ते निवृत्त झाले आणि २०१० साली वारले. शंभरी पुरी व्हायला थोडेच महिने उरले होते.

श्रोतेहो, आपल्या शाळेत दोन तास नसतील. चाळीस मिनिटांचा एक तास असेल. मैदान खडकाळ असेल, चेंडू एकच असेल. तरी एका कागदाच्या तुकड्याला कोण अडवतो? उद्याच्या तासाआधी त्यावर चार ओळी लिहा. पहिली दहा मिनिटं काय, पुढली दहा काय. बारा मुलं असतील तर चार-चारांचे तीन गट करा, म्हणजे कोणी चपला राखत बसणार नाही. प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक गोष्ट लिहा, आज याला हे शिकवायचं. आणि तास संपला की पाहा, किती नावांपुढे खूण झाली.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या नावापुढे वर्षभरात मी एकही खूण केली नव्हती. त्याला शिकवण्याची वेळ निघून गेली. पण तुमच्या मैदानाच्या कडेलाही असा एखादा उभा असेल, कळशी भरून आणणारा. उद्या सराव सुरू करताना पहिली हाक त्याला मारा.