सकाळचे रक्त आणि दुपारचे रक्त
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाला जमलो की हल्ली साड्यांच्या बरोबरीने रक्ततपासणीचे कागदही निघतात. मागच्यापेक्षा आकडा थोडा हलला की कोणाचा चेहरा उतरतो, तर कोणी आनंदाने औषधच सोडते! मी पुष्कळ वर्षे प्रयोगशाळेत काम केले. म्हणून या हलण्याविषयीच बोलते.

निरोगी माणसाचे रक्तदेखील दिवसभर एकसारखे राहत नाही. कॉर्टिसॉल नावाचा अंतःस्राव सकाळी उठण्याच्या सुमारास सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असतो. रक्तातले लोह बहुधा सकाळी अधिक, संध्याकाळी कमी भरते. लोहाचा साठा पाहायचा तर डॉक्टर फेरिटिन तपासायला सांगतात, ते यामुळेच.

आपल्यापैकी अनेकींचा जिव्हाळ्याचा विषय थायरॉइडचा. त्यासाठी पाहतात तो टीएसएच रात्री चढतो व दुपारी उतरतो. समजा, एकदा सकाळी उपाशीपोटी रक्त दिले आणि ४.८ आला, पुढच्या खेपेस जेवून दुपारी दिले आणि ३.६ आला. बाई म्हणणार, गोळी लागू पडली, आता अर्धी पुरे! ग्रंथी मात्र होती तिथेच असू शकते. अशा आकड्यावर आपल्या मनाने गोळी कमी करणे मला तरी धाडसाचे वाटते.

घड्याळाखेरीज बसण्याउठण्याचाही परिणाम होतो. बराच वेळ उभे राहिले की रक्तातले पाणी थोडे बाहेर झिरपते व रक्त दाट होते. आडवे झाले की ते परत येते. हिमोग्लोबिनमध्ये एवढ्यानेच अर्ध्या ग्रॅमचा फरक सहज पडतो, रक्ताचा थेंबही न सांडता. उलट तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी, एचबीएवनसी, केव्हाही करा. तिला वेळेचे बंधन नाही.

पण बारावरचे हिमोग्लोबिन आठावर आले, तर तो दुपारचा दोष नव्हे. दुखणे अंगावर काढायला आपल्याला निमित्तच हवे असते, ते माझ्या भाषणातून कृपया नेऊ नका. डॉक्टरांकडे जा.

एरवी तुलना करायची ती एकाच वेळेच्या, एकाच प्रयोगशाळेतल्या, पोटाची स्थिती सारखी असतानाच्या दोन कागदांची. रक्त घेतल्याची वेळ बहुधा कागदाच्या वरच्या भागात छापलेली असते. नसेल तर पेन्सिलीने आपणच लिहून ठेवावी, आणि गोळी घेऊन गेलो होतो की न घेता, तेही.