जमाबंदी आणि जमावबंदी

(द्वारका, नाशिक येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



द्वारकेच्या चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता एकत्र येतात. अशा शहरात मोर्चा काढावयाचा म्हटले की दोन-चार दिवस आधी कार्यकर्त्याच्या हाती एक कागद पडतो. त्यात चोरीचा वा मारामारीचा आरोप नसतो. आपल्याकडून शांततेचा भंग होण्याचा संभव दिसतो, सबब आपणाकडून बंधपत्र का घेऊ नये याचे कारण दाखवा, एवढेच त्यात असते. खाली सही असते ती कार्यकारी दंडाधिकाऱ्याची. लोक याला चॅप्टर केस म्हणतात. कार्यकर्ता मजुरी बुडवून तारखेला जातो तेव्हा तो न्यायालयात गेलेला नसतो. तहसील कचेरीत, प्रांताच्या कार्यालयात किंवा थेट पोलीस अधिकाऱ्याच्या दालनात तो उभा असतो. ज्या सरकारविरुद्ध त्याची मागणी आहे त्याच सरकारचा कारभारी त्याचा न्यायाधीश होतो. हा प्रकार आजकालचा नव्हे, त्याचे मूळ दोनशे वर्षांमागे आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे नव्या मुलुखाची व्यवस्था आली. त्याने मुलुखाचे भाग पाडून त्यांवर कलेक्टर नेमले. ब्रिग्ज खानदेशात, पॉटिंजर अहमदनगरास, रॉबर्टसन पुण्यास आणि चॅप्लिन दक्षिणेत. सारा वसूल करणे हे कलेक्टरचे पहिले काम. फौजदारी न्यायही त्याच्याच हाती. एल्फिन्स्टनला पंचायतींविषयी आस्था होती आणि दिवाणी तंट्यांत त्या टिकवाव्यात असे त्याने आपल्या १८१९ च्या अहवालात मांडले. त्या पंचायतींचे सोनेरी चित्र रंगविण्याचे मात्र कारण नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला तेथे कोणता न्याय मिळत होता हे महाराष्ट्राने जोतीरावांकडून ऐकले आहे. पुढे १८२७ ची रेग्युलेशने आली, दिवाणी न्यायाधीश निराळे झाले आणि पंचायती मागे पडल्या. फौजदारीची दोरी मात्र कलेक्टरच्या हातून सुटली नाही. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये वेगळा झाला, तेव्हा येथला कलेक्टरही जिल्हा मॅजिस्ट्रेट या दुहेरी नावानेच खुर्चीवर बसला.

या दुहेरीपणाचा अर्थ जिल्ह्याच्या शिरोभागी पाहून कळत नाही. त्यासाठी तालुक्याची कचेरी पाहावी लागते. मामलेदार हा साऱ्याचा वसुली अधिकारी आणि दुसऱ्या वा तिसऱ्या वर्गाचा मॅजिस्ट्रेटही. सकाळी ज्या रयतेच्या थकबाकीचा हिशेब तो पाही, तीच रयत दुपारी त्याच्यापुढे आरोपी म्हणून उभी राही. त्याने शिक्षा दिली तर अपील कोणाकडे? जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे, म्हणजे त्याच्याच वरिष्ठाकडे. बढती, बदली, गोपनीय शेरा हे सारे ज्याच्या हाती, तोच अपील ऐकणार आणि वाटले तर खटला एका मॅजिस्ट्रेटकडून काढून दुसऱ्याकडे देणार. मामलेदार प्रामाणिक असला तरी साहेबाची मर्जी कोठे आहे हे विसरून निवाडा लिहिणे त्याला परवडणारे नव्हते. त्यात साहेब थंडीच्या दिवसांत फिरतीवर. त्याचा तळ हलेल तसे पक्षकार, साक्षीदार आणि वकील गावोगाव मागे फिरत. कळवणच्या शेतकऱ्याला साक्षीसाठी किती दिवस घर सोडावे लागे याचा हिशेब सरकारी खर्चात धरला जात नसे.

या व्यवस्थेचे पितळ उघडे पडले ते १८८८ साली, क्रॉफर्ड प्रकरणात. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला ज्याचे नाव होते तोच हा ऑर्थर क्रॉफर्ड. तो त्या वेळी मध्य विभागाचा कमिशनर होता. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांसाठी पैसे घेतले जातात असा आरोप झाला. जे मामलेदार खरे सांगतील त्यांना अभय देऊ असे वचन मुंबई सरकारने दिले आणि पैसे दिल्याची कबुली अनेकांनी दिली. चौकशी आयोगाने लाचेचा आरोप सिद्ध मानला नाही. अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल मात्र क्रॉफर्डला नोकरीतून जावे लागले. मग वादळ उठले ते मामलेदारांवर. पैसे देऊन जागा मिळविल्याचे कबूल करणारी माणसे मॅजिस्ट्रेट म्हणून न्यायासनावर कशी बसणार, असा प्रश्न विलायतेपर्यंत गेला. टिळकांनी १८८९ मध्ये मामलेदारांची बाजू घेतली, ती सरकारने दिलेला शब्द पाळावा या मुद्द्यावर. त्यांना संरक्षण देणारा कायदा त्याच वर्षी झाला, तरी काहींना जागा सोडाव्या लागल्याच.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणातला धडा निराळा आहे. जागा विकत घेणारा माणूस ती रक्कम कोठून तरी भरून काढणार. मामलेदाराच्या हाती वसुली होती तसा तुरुंगही होता. जो सारा मागतो त्याच्याच हाती शिक्षेचा अधिकार असला, की न देणाऱ्याला किंमत मोजावी लागते आणि देणाऱ्यालाही. त्या वेळच्या चर्चेत मामलेदारांच्या नीतीविषयी पुष्कळ बोलले गेले. त्यांच्या हाती दोन अधिकार का दिले होते, हे विचारणारे थोडे.

विचारणारे अगदीच नव्हते असे नाही. १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात काँग्रेसने न्याय आणि कारभार वेगळे करण्याची मागणी केली. बंगालमध्ये बॅरिस्टर मनमोहन घोष यांनी अशा खटल्यांची प्रकरणे गोळा करून छापली. रमेशचंद्र दत्त स्वतः जिल्हा चालविलेले अधिकारी. ही फारकत विशेष खर्च न वाढवता कशी करता येईल याची योजना त्यांनी मांडली. १८९९ मध्ये लॉर्ड हॉबहाउस आणि काही निवृत्त न्यायमूर्ती यांनीही भारतमंत्र्यांकडे तसाच अर्ज केला. सरकारी उत्तर बहुतेक वेळा खर्चाचे असे. खरे कारण फिट्झजेम्स स्टीफनने १८७२ च्या सुमारासच स्पष्ट लिहून ठेवले होते: शिक्षा देण्याचा अधिकार जिल्ह्याच्या साहेबाकडून काढला तर रयतेच्या नजरेत राज्याचा दरारा उरणार नाही. या माणसाच्या प्रांजळपणाला दाद द्यावी लागते. पुढच्या सत्ताधाऱ्यांना तो साधला नाही.

नाशिकला हे सारे फार जवळून दिसले. जॅक्सन येथला कलेक्टर आणि जिल्हा मॅजिस्ट्रेट होता. संस्कृतचा व्यासंगी, मराठी जाणणारा. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि पुढल्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात तिघांना फाशी झाली. तो मनुष्य बरा होता की वाईट, यावर या शहरात अजूनही वाद रंगतात. ते बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. ज्याच्या हाती राजकीय चळवळीचा बंदोबस्त होता, जिल्ह्याच्या फौजदारी न्यायाची सूत्रेही त्याच्याच हाती होती. त्याची विद्वत्ता हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

पुढे २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आत जाण्याचा हक्क कोणाचा, हा सत्याग्रहींचा प्रश्न होता. शांतता राखणाऱ्या दंडाधिकाऱ्यापुढे असा प्रश्न कधी येतच नाही. गडबड होईल का, एवढेच तो पाहतो. दार बंद करणारा जागच्या जागी शांत असतो, दार ठोठावणाऱ्याचा मात्र आवाज होतो. म्हणून शांततेच्या कायद्याचा रोख बहुधा ठोठावणाऱ्याकडेच वळतो.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदाने न्याय आणि कारभार यांची फारकत करण्याचे निर्देश दिले. मुंबई राज्याने त्यासाठी १९५१ मध्ये कायदा केला आणि १९५३ पासून तो अंमलात आला. खटले न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली गेले. १९७३ च्या फौजदारी संहितेने, १ एप्रिल १९७४ पासून, हीच रचना देशभर नेली. हे काम मोठे होते आणि त्याचे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण संपत्ती वाटून घेताना मोठा भाऊ घरची तिजोरी आपल्याकडे ठेवतो तसे झाले. जमावबंदी, हमी घेणे, प्रतिबंधक कारवाई हे अधिकार कारभाऱ्यांकडेच राहिले. १८९८ च्या संहितेतील कलम १४४ आणि १०७ त्याच क्रमांकांनी १९७३ मध्ये आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती १६३ आणि १२६ झाली आहेत. क्रमांक बदलले, सही करणारा बदलला नाही. कलेक्टर वर्षाची जमाबंदी करतो आणि जमावबंदीही तोच करतो. दोन शब्दांत एका अक्षराचे अंतर आहे.

नाशिक शहराची गोष्ट याहून पुढची. येथे पोलीस आयुक्तालय आहे आणि हमी घेण्याचे अधिकार सहायक पोलीस आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यांना दंडाधिकारी म्हणून दिले जातात. ठाण्याचा अधिकारी अहवाल पाठवितो आणि त्याचाच वरिष्ठ त्यावर निवाडा करतो. तडीपारीचेही तसेच, महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली शहरात तो हुकूम पोलीस उपायुक्त काढतो. क्रॉफर्डच्या काळात अपील ऐकणारा साहेब निदान मामलेदाराच्या खात्याबाहेरचा कोणी असावा अशी मागणी होती. येथे तर पहिली सुनावणीसुद्धा खात्यातच होते.

समाजवादी चळवळीने या कलमांशी झुंज घेतली आहे, ती आठवणे जरूर आहे. १९६५ मध्ये पाटण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने भारत संरक्षण नियमांखाली डॉ. लोहियांना स्थानबद्ध केले. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. कायदा-सुव्यवस्थेचा प्रत्येक भंग म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग नव्हे, ही त्या निकालातील रेघ आजही वकील ओढतात. कलम १४४ घटनेच्या कसोटीला उतरत नाही, हा युक्तिवाद मात्र टिकला नाही. नागपूरच्या कापडगिरणी कामगारांच्या तंट्यात १९५६ साली निघालेल्या हुकुमावरून बाबूलाल पराते यांनी दाद मागितली. १९६१ मध्ये ती फेटाळली गेली. मुंगेरच्या प्रकरणात मधु लिमये यांनी पुन्हा तोच प्रश्न नेला. १९७० मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने कलमे वैध ठरविली, पण एक कुंपण घातले: माहितीच्या खरेपणाची चौकशी सुरू केल्यावाचून मॅजिस्ट्रेटला अंतरिम बंधपत्र मागता येणार नाही. कलमे राहिली म्हणून त्या लढ्याला अपयश म्हणणे बरोबर नाही. ते कुंपण कार्यकर्त्याच्या उपयोगाचे आहे, फक्त ते त्याला कोणी सांगत नाही.

कार्यक्रमाच्या पातळीवर पक्षाने एकच मागणी लावून धरावी: हमीची आणि तडीपारीची प्रकरणे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालावीत. त्यासाठी घटना बदलण्याची गरज नाही, विधिमंडळ आणि संसद यांनी पुरे. बंदोबस्ताला उशीर होईल असे उत्तर येईल. ते १८८६ पासून येत आहे. अटक झालेल्याला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेता येते, तर नोटीस मिळालेल्याला का नाही?

तोवर नोटीस हाती पडलेल्या कार्यकर्त्याने बंधपत्रावर मुकाट्याने सही करून मोकळे होऊ नये. सही केली की वर्षभर मान अडकते. कोणत्या माहितीवरून ही कारवाई आहे ते लेखी हुकुमात असावे लागते. नसेल तर मागावे. चौकशी म्हणजे साहेबाने झापणे नव्हे. पोलिसांनी पुरावा द्यावयाचा असतो आणि त्यांची उलटतपासणी घेता येते. सहा महिन्यांत चौकशी संपली नाही तर, दंडाधिकाऱ्याने खास कारणे नोंदवून मुदत वाढविली नसेल, प्रकरण आपोआप संपते. प्रत्येक तारखेला हजर राहिल्याची नोंद करून घ्यावी, अर्जाची पोच घ्यावी, आणि त्या दिवशी बुडालेल्या मजुरीचा आकडा शाखेच्या वहीत लिहून ठेवावा.