उंबरठ्याबाहेरचा छंद

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी मद्यनिर्मितीवर बोलणारा वक्ता पाहून काही भुवया उंचावल्या असतील. मी मद्याचा पुरस्कर्ता नाही. परंतु भिलाईत शिकून जगभर पांगलेली आपली मुले आता असे प्रश्न घेऊन येतात, की ज्यांचा विचार आपल्या घरांत पूर्वी कधी झालेला नसतो. आपल्यातल्याच एका कुटुंबाचे चिरंजीव अमेरिकेत सुटीच्या दिवशी मधापासून 'मीड' नावाचे पेय घरी तयार करतात. मित्र त्याची वाखाणणी करतात. आता नोकरी सोडून स्वदेशी यावे, या पेयाचा कारखाना काढावा आणि वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून काही भांडवल उभारावे, असा त्यांचा मानस आहे. होकार द्यावा की नकार, हा वडिलांपुढचा प्रश्न आहे. आणि लोणची, मसाले, सरबते करणाऱ्या कोणत्याही घरापुढे तो उद्या उभा राहू शकतो.

मीड आपल्याला वाटते तितके परके नाही. संस्कृतातील 'मधु' या शब्दाला मध आणि मद्य असे दोन्ही अर्थ आहेत, आणि 'मीड' हा शब्द त्याचाच दूरचा आप्त आहे. मधात पाणी मिसळावे, यीस्ट घालावे, काही आठवडे आंबू द्यावे, की पेय तयार होते. कृती सोपी आहे. अवघड आहे तो घराचा उंबरठा ओलांडणे.

प्रथम कायदा पाहू. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने प्रौढ व्यक्तीला घरच्यापुरती बिअर किंवा वाइन करण्याची मुभा दिली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, ही मर्यादा आहे. विक्रीला मात्र परवानगी नाही. सातासमुद्रापलीकडची ही रेषा आपल्या शेजारीही आखलेली आहे. छत्तीसगडातील आदिवासी बांधव चैत्रात मोहाची फुले वेचून वाळवतात आणि त्यांची दारू गाळतात. घरच्या व सणाच्या उपयोगासाठी मर्यादित प्रमाणात त्यांना तशी सवलत आहे. विकली की तो गुन्हा ठरतो. येथे लागू असलेला अबकारी कायदा मूळचा १९१५ चा, म्हणजे नागपूर ही आपल्या मध्य प्रांताची राजधानी होती त्या काळचा आहे. इतरांना तर परवान्याशिवाय घरी करण्याचीही मुभा नाही, आणि महाराष्ट्रातही १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये हीच स्थिती आहे. अमेरिकेत निर्दोष असलेला छंद विमानातून उतरताच परवान्याचा विषय होतो, हे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

शिवाय मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तोही मानवी सेवनाच्या मद्याला लागू नाही. राज्यागणिक परवाना निराळा, कर निराळा. पुण्यात भरलेली बाटली भिलाईत आणायची तर येथील नियम नव्याने पाळावे लागतात. आणि येथील किरकोळ विक्री २०१७ पासून राज्य शासनाच्या महामंडळाने हाती घेतली आहे.

तथापि हे अशक्य आहे, असे मी म्हणत नाही. पुण्याच्या रोहन रेहानी आणि नितीन विश्वास या दोन मित्रांनी घरगुती प्रयोगांपासून आरंभ करून २०१८ साली 'मूनशाइन' नावाने मीड बाजारात आणले. त्यांना केवळ गिऱ्हाइके मिळवायची नव्हती. ज्या पेयाचे नावही येथे कुणाच्या परिचयाचे नव्हते, त्याला अबकारीच्या वर्गवारीत जागाही मिळवायची होती. असा उद्योग आरंभणाऱ्याने पहिली बाटली विकली जाण्यापूर्वीच्या महिन्यांचा खर्च आधी मांडावा. जागेचे भाडे आणि घरचा किराणा परवान्याची वाट पाहत थांबत नाहीत.

दुसरी कसोटी सातत्याची. जांभळाचा मध निराळा, कारवीचा निराळा. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. घरी 'या खेपेला चव जरा वेगळी लागते' हे कौतुक असते, दुकानात ती तक्रार होते. साखर पुरती आंबण्याआधीच बाटली बंद केली, तर आत वायू साठून ती फुटू शकते. स्वयंपाकघरात त्याने फरशी भिजते, गिऱ्हाइकाच्या हातात इजा होते. ज्या वर्षी आपल्या भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्याच १९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. 'लिज्जत'चे पीठ केंद्रावर एकत्र मळले जाते आणि लाटण्यासाठी घरोघर जाते. हात हजारो असले तरी चव एक राहते, ती या व्यवस्थेमुळे.

तिसरी कसोटी हिशेबाची. छंदात आपण स्वतःची मजुरी, घरातली जागा, वीज आणि वाया गेलेला माल धरत नाही. हे सारे, शिवाय बाटली, कर आणि दुकानदाराचा वाटा धरून जी किंमत निघेल, ती देऊन अनोळखी माणूस दुसऱ्यांदा येईल का? फुकट मिळालेल्या पेल्याची स्तुती हा त्याचा पुरावा नव्हे.

'नोकरी सांभाळून करू' हा मार्गही सर्वांना खुला नसतो. आम्हा केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६४ च्या वर्तणूक नियमांतील १५ व्या नियमान्वये पूर्वपरवानगीविना व्यापार करता येत नाही. कुटुंबीयांच्या व्यवसायाचीही माहिती द्यावी लागते.

माझे मत विचाराल, तर तरुणाने आधी वर्षभर दुसऱ्याच्या कारखान्यात पगारी काम करावे. पिंपे घासताना आणि नोंदवह्या भरतानाही गोडी टिकली, तर पुढचे पाऊल टाकावे. वडिलांनी घर, औषधपाणी आणि दोघांच्या म्हातारपणाची तरतूद आधी बाजूला काढावी. उरलेल्यातून, बुडाले तरी घरात कटुता येणार नाही एवढेच द्यावे आणि ते लेखी द्यावे. अंथरूण पाहून पाय पसरण्यात भ्याडपणा नाही.

आणि सर्व विचारांती छंद घरातच राहिला, तर त्यात कमीपणा कसला? मंडळाच्या नाटकांत पन्नास वर्षे तोंडाला रंग लावणाऱ्यांपैकी किती जण व्यावसायिक नट झाले? तरीही या परमुलखात मराठी रंगभूमी त्यांनीच जागती ठेवली. छंदाचे मोल नेहमी बाजारात ठरत नसते.