लाव्ह्याखालचा समुद्र

हिंगोली जिल्ह्यांतील साखरा हें गांव ज्या दख्खनच्या पठारावर वसलें आहे, त्याचा काळा कातळ लाव्ह्याचा. त्यांत सागरी जीवाचा मागमूस कोणी शोधणार नाहीं. परंतु दोन उद्रेकांच्या मधल्या काळांत ठिकठिकाणीं गाळ सांचला व पुढच्या लाव्ह्याखालीं झांकला गेला. पठाराच्या ईशान्य भागांत, छिंदवाडा जिल्ह्यांतील झिलमिली येथें, अशाच गाळांत फोरॅमिनिफेरा या सागरी सूक्ष्मजीवांचीं कवचें मिळाल्याचें गेर्टा केलर, धनंजय मोहबे प्रभृति संशोधकांनीं २००९ सालीं जाहीर केलें.

मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे हे कण ओळखले कसे? त्यांतील ‘युगुबिना’ ही जाति लुटरबाखर व प्रेमोली सिल्व्हा यांनीं १९६४ सालींच इटलीच्या चुनखडकांतून नव्यानें वर्णिली होती. नांव गुब्बिओ नगरावरून दिलें. नवी जाति वर्णिणें म्हणजे केवळ बारसें नव्हे. कवचाचे कप्पे मोजावयाचे, मुखाची ठेवण पाहावयाची, जवळच्या जातींहून भेद दाखवावयाचा, आणि एक प्रमाण-नमुना संग्रहांत जपून ठेवावयाचा. काम कंटाळवाणें खरें. पण त्यावांचून झिलमिलीचे कण मुकेच राहिले असते.

ही जाति सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं, डायनोसॉर नष्ट झाल्यावर लवकरच उदयास आली व अल्पावधींत लोपली. त्यामुळें थराचें वय ठरलें. समुद्र तेथवर कोणत्या वाटेनें आला, हा प्रश्न निराळा. त्याच गाळांत गोड्या पाण्यांतले ऑस्ट्रॅकॉडहि आहेत. तेव्हां त्याचा मुक्काम फार काळ नसावा.